गोठ्यातला टेबल सॉ

"हात सोडा! ओ काका, हात सोडा माझा! सर, जरा इकडं या ना सर!"

नगरच्या एका काचा लावलेल्या हार्डवेअरच्या दुकानातला सेल्समन असा किंचाळला, की रंगाच्या डब्यांपाशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक डब्यांवर चढलं आणि बाहेर रस्त्यावर दोन रिक्षा आपणहून बाजूला झाल्या. पोरगं पंचविशीचं, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत माझ्या मामांच्या टॉवेलाखाली गेलेला. आणि मामा डोळे अर्धवट मिटून, देवळात बसल्यासारखा चेहरा करून, आत त्याची बोटं एकेक करून दाबत होते.

"वरडतो कशाला?" मामा शांतपणे म्हणाले. मामांचं शांतपणे म्हणजे पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल इतपत. "भाव सांगतोय तुला. गप ऱ्हा आन् बोटं ध्यानात घे."

"भाव स्टिकरवर लिहिलाय काका!"

"त्यो गावाला दाखवायचा. आपला खरा सांग."

मामा काष्टीच्या बाजारातले जनावरांचे दलाल. मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं उभे आहेत. त्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. टॉवेल नाहीतर उपरणं हातावर टाकायचं, आत समोरच्याची बोटं धरायची, कुठलं बोट आणि किती वेळा दाबलं यावरून आकडा समजून घ्यायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. चारचौघांत तोंडानं भाव बोलणं मामांना उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटतं. तेव्हा त्यांच्या मते ते त्या पोराची अब्रूच राखत होते.

पोरगं मात्र हात सुटल्याबरोबर बोटं मोजायला लागलं. ती सगळी जागेवर आहेत हे पाहून त्याला जरा हुशारी आली.

आता आम्ही तिथं कशाला गेलो होतो, तर टेबल सॉ घ्यायला. म्हणजे टेबलाच्या मधोमध गोल करवत वर आलेली असते, खाली मोटर, आणि लाकूड आपण वरून सारायचं, ते मशीन. एमआयडीसीतली नोकरी सोडून मी देव्हारे, चौरंग आणि पाळणे करायला लागलो त्याला बरेच दिवस झाले होते. हातकरवतीनं मी जे काही कापत होतो त्याला कापणं म्हणणं हा करवतीचा अपमान होता. माझ्या एका चौरंगावर गिऱ्हाइकानं पूजेचा नारळ ठेवला, तर तो घरंगळत उंबरा ओलांडून, जिना उतरून थेट शेजाऱ्यांच्या दारात गेला. शेजाऱ्यांनी तो फोडून खाल्ला. सरळ कापून हवं असेल तर फळ्या घेऊन वखारीत जायचं. तिथं मोठ्यांच्या ओंडक्यांपुढं माझ्या चार फळ्यांचा नंबर कधी लागायचा? एकदा मी नेलेल्या शिसवीच्या तुकड्याला वाट बघता बघता पालवी फुटली. वखारवाला म्हणाला, आता कापू नका, जीव आहे त्यात.

तर मशीन हवंच होतं. पण ठेवायचं कुठं?

माझा कारखाना केडगावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आणि ते शेड खरं तर माझं नाहीच. ते म्हशीचं. म्हैस बायकोची. शेडच्या एका अंगाला म्हशीची गव्हाण, दुसऱ्या अंगाला माझं बाकडं, मध्ये अर्धा पत्रा उभा. सकाळची धार झाली की म्हैस बाहेर लिंबाखाली जाते, मग शेड माझं. पाचच्या सुमाराला ती परत आली की माझ्याकडं अशी बघते, की मी उठून फळ्या आवरायला लागतो. आठ-दहा घरी तिच्या दुधाचा रतीब आहे. आमचं घर म्हशीवर चालतं आणि मी देव्हाऱ्यांवर, एवढाच फरक.

म्हणून मला पाहिजे होता तो उचलता येणारा टेबल सॉ. पाय दुमडणारा, चाकं असलेला, संध्याकाळी ढकलत ओसरीत नेऊन उभा करता येईल असा. बायकोपुढं विषय काढला तेव्हा ती शेणाचे हात धूत होती.

"आणा," ती म्हणाली. "पण त्याच्यापायी म्हशीचं दूध कमी झालं, तर जिथनं आणलं तिथं परत. आन् तुमची लाकडंपण जातील."

"लाकडं कशाला?"

"मशीन न्हाई म्हनल्यावर लाकडं ठेवून काय करनार? मला वैरनीला जागा होईल."

म्हणजे नुसत्या मशीनचा प्रश्न नव्हता. दूध कमी झालं असतं तर कारखाना बंद, देव्हारे बंद, आणि मी परत एमआयडीसीच्या गेटवर डबा घेऊन उभा. आणि हे सगळं ठरवणार कोण, तर म्हैस.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण फोनवर बोलता बोलता मी मामांना म्हणालो, एक मशीन घेतोय, चार पायांचं. झालं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मामा पिशवी घेऊन दारात.

"चार पायाची वस्तू घेतोस आन् मला इचारत न्हाईस? अरं, आजवर मी निवडलेलं जनावर माघारी आलेलं न्हाई!"

"मामा, ते जनावर नाही. मशीन आहे."

"पाय हायेत का?"

"आहेत."

"खातं का?"

"लाकूड खातं."

"मग काय ऱ्हायलं?"

मी चपला शोधायला लागलो.

तर नगरच्या दुकानात हात सोडवून घेतल्यावर त्या पोरानं मशीन दाखवलं. मशीन देखणं होतं. पिवळंजर्द, नवं कोरं, मी मोबाईलवर त्याचे इतके व्हिडिओ बघितले होते, की त्याच्या प्रत्येक स्क्रूला मी नावानं ओळखत होतो. मामांनी आधी त्याच्याभोवती एक गोल चक्कर मारली. पाठीवर थाप मारली. मागं जाऊन वायर उचलून बघितली. खाली वाकून भुसा साठवायची पिशवी चाचपली आणि "गाभन हाय का?" असं विचारलं. मग पात्यावरचं प्लास्टिकचं झाकण वर केलं आणि वय कळावं म्हणून दात मोजायला लागले. दात साठ निघाले. आठाच्या वर दात असलेलं जनावर मामांनी जन्मात बघितलेलं नव्हतं. त्यांनी हळूच झाकण लावलं आणि माझ्या कानात सांगितलं, "आरं, ह्ये लई म्हातारं हाय." ते सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

"काका, जास्त दात म्हणजे कट साफ येतो," पोरगं म्हणालं.

"चालवून दाखव."

पोरानं प्लग शोधायला सुरुवात केली. मामांनी त्याला थांबवलं. "तसं न्हाई. चालवून."

म्हणजे चालवून. पोरानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. शेवटी त्यानं मशीनचे पाय दुमडले, चाकांवर घेतलं आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये इकडून तिकडं ढकलत नेलं. मामा मागून उकिडवे बसून बघत होते, पाय फेकतं का, मागचं अंग हलतं का, ओढीला कसं आहे. बघता बघता माणसं जमली. नगरची माणसं कामात कितीही असू देत, कुठं काही चाललंय म्हटल्यावर उभी राहतात. एकानं मला विचारलं, "कितीला ठरलं?" दुसरा म्हणाला, "जोडी न्हाई का याची?" तिसरा मोबाईल वर धरून शूटिंग करत होता. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा पोराच्या शर्टाची इस्त्री मोडलेली होती.

"बरं हाय," मामा उठत म्हणाले. "आता खोड सांग."

"काय?"

"खोड. याची खोड काय?"

हा काष्टीचा रिवाज. जनावर विकताना त्याची खोड आधी सांगायची. मारकं आहे, वेसण ओढतं, गाडीला जुंपलं की बसतं, धारेला लाथ झाडतं, जे असेल ते. सांगून विकलं तर पुढं तक्रार नाही. लपवून विकलं आणि घरी गेल्यावर खोड निघाली, तर पुढच्या बाजारी जनावर परत आणि विकणाऱ्याची चारचौघांत शोभा.

"काका, कंपनीचा माल आहे," पोरगं हसून म्हणालं. "शून्य तक्रार. खोडबिड काही नाही."

मामांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि चालायला लागले. मी मागं पळालो.

"मामा, चांगलं मशीन आहे ते! दोन वर्षं गॅरंटी आहे!"

"खोड न्हाई म्हनला ना त्यो? बिनखोडीचं जनावर इकनारा एक तर येडा असतो, न्हाईतर लबाड. त्यो येडा वाटला का तुला?"

"नाही."

"मंग चल."

माझं आवडतं मशीन काचेमागं उभं होतं. मी त्याच्याकडं वळून वळून बघत होतो आणि वळून बघता बघता एका हातगाडीवर जाऊन आदळलो. पेरू होते. दोन किलो घ्यावे लागले.

ते पेरू खात आम्ही केडगावला परत आलो. पुणे रोडला आमच्या घरापासून जवळच एक दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, स्टार्टर, वाइंडिंग, आणि कोपऱ्यात दोन-तीन सुतारकामाची मशीनं. दुकानदार वाळका, एका मयतीहून येऊन दुसरीला निघाल्यासारखा कायम चेहरा. मी रोज त्याच्यापुढून जातो, पण व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला घराजवळचं दुकान दिसत नसतं. त्याच्याकडं एक टेबल सॉ होता. हिरवा. पाय दुमडणारा, चाकंवाला, जरा ठेंगणा. मामा आत शिरले आणि रामराम न घालता म्हणाले, "खोड सांगा."

दुकानदारानं वर बघितलं. "किती?"

"किती म्हंजे?"

"तीन आहेत. सगळ्या सांगू का मोठी सांगू?"

मामांनी खुर्ची ओढली आणि बसले. असा चेहरा मी मामांचा फक्त जातिवंत खिलारी खोंड बघतानाच पाहिला होता.

"पहिली," दुकानदार म्हणाला, "लाथ मारतं."

आणि त्यानं ते करून दाखवलं. पात्याच्या मागं एक पातळ पत्ती उभी असते. चिरलेल्या लाकडाची फट परत मिटून पात्याला आवळू नये म्हणून ती असते. ती त्यानं काढली. आम्हाला दोघांना लांब बाजूला उभं केलं, स्वतःही बाजूला झाला, आणि बाभळीचं एक ओलं फळकूट लांब काठीनं पात्यात सारलं. निम्म्यात गेल्यावर त्या फळकुटानं पातं आवळलं. पुढचं मी बघितलं असं म्हणणार नाही, कारण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. फळकूट होतं, आणि मग नव्हतं. ते दुकानातून निघालं, पुणे रोडवर एका ट्रकच्या वरून गेलं, आणि नंतर श्रीगोंदा तालुक्यात कुणाच्या तरी उसात सापडलं असं ऐकलं. जिथं कापणारा उभा राहतो नेमक्या त्या वाटेनं ते गेलं होतं.

"म्हणून ही पत्ती कधी काढायची नाही," दुकानदार पत्ती परत बसवत म्हणाला. "आणि काढली नाही तरी पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. एका अंगाला राहायचं."

"धारंला बसतात तसं!" मामा खुर्चीतून उठले होते. "भाच्या, बघितलं का? मागं उभा ऱ्हानारा मेला, अंगाला बसनारा वाचला! दुसरी सांगा."

दुसरी खोड अशी की लाकूड सरळ जावं म्हणून टेबलावर जी आडवी पट्टी लावतात, ती घट्ट केली तरी मागच्या टोकाला एखादं सूत सरकते. दरवेळी दोन्ही टोकांना मोजून घ्यायचं, नाहीतर देव्हारा निमुळता होतो. ही मला परवडण्यासारखी होती. माझे देव्हारे मशीनशिवायही निमुळते होत होते.

"आणि तिसरी, आवाज," दुकानदार म्हणाला. "फार ओरडतं. याला इलाज नाही."

मला लगेच गव्हाणीवरून बघणारे ते दोन डोळे दिसले.

"आवाजाचं काय घेऊन बसला!" मामा दुकान हलवत म्हणाले. "आवाजाला जनावर सरावतं! पर घरी म्हैस हाय. तवा रिवाजापरमानं घरी न्हेऊन दोन धारा बघनार. म्हशीनं पान्हा चोरला तर माघारी. बोला."

कुठलाही दुसरा दुकानदार असता तर त्यानं विचारलं असतं, की टेबल सॉचा आणि धारेचा संबंध काय. या माणसानं थोडा विचार केला. "दोन नको," तो म्हणाला. "रविवारपर्यंत ठेवा. म्हैस लगेच सांगत नसते." आणि सांगायच्या आधीच त्यानं आपला हात मामांच्या टॉवेलाखाली घातला. दोघं एकमेकांकडं न बघता उभे राहिले. चहा आला, साय धरली, माशी पडली. आत काय चाललं होतं मला आजही माहीत नाही. शेवटी दोघांनी एकदम हात काढले आणि दोघंही फसवले गेल्यासारखे चेहरे करून खूश झाले.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी मशीन घरी आलं. दारात थांबवून बायकोनं त्याला कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, इथपर्यंत ठीक होतं. मग तिनं नव्या जनावराच्या पायावर घालतात तसं तांब्याभर पाणी ओतायला हात उचलला, आणि मी मध्ये उडी घेतली. सगळं पाणी माझ्या अंगावर. वायर वाचली. मामांनी मशीनच्या पायाला दावं बांधलं आणि दुसरं टोक माझ्या बाकड्याला. "नवं हाय, बावचळंल," म्हणाले.

पाच वाजता म्हैस आत आली. आता परीक्षा. बायको चरवी गुडघ्यात धरून बसली. पत्र्याच्या अलीकडं मी, हातात सागाची फळी, एका अंगाला उभा. आणि दोघांच्या मध्ये, पत्र्याच्या टोकाशी, पालथ्या घमेल्यावर मामा. दोन्हीकडचं एकदम दिसावं म्हणून.

"हुशार!" मामा गरजले. "सुनबाई, कास धर! भाच्या, बटन दाब!" मग म्हशीकडं वळून, "आई, तू घाबरू नगं गं! कायबी व्हनार न्हाई! लई गुनाचं मशीन हाय!"

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. लाईट गेलेली होती.

"लाईट न्हाई!" मामांनी म्हशीला सांगितलं. "लाईट न्हाई गं आई! तू सोड!"

म्हशीनं कान मागं घेतले, एक पाय उचलून परत ठेवला, आणि दूध वर ओढून घेतलं. बायकोनं पुष्कळ चुचकारलं, कासेला पाणी मारलं, पुढं पेंड ठेवली. चरवी निम्मीसुद्धा झाली नाही.

"मामा," मी म्हणालो, "मशीन तर चालूच झालं नाही."

"बघितलं तर हाय ना तिनं! रूप न्हाई आवडलं. हिरवा रंग. तिला वाटलं वैरन आली, आन् खाया मिळंना. फसवल्यावानी वाटलं असंल."

बायकोनं चरवीत वाकून बघितलं, मग माझ्या लाकडांच्या थप्पीकडं बघितलं. डोळ्यांनीच तिनं तिथं वैरणीच्या पेंढ्या रचलेल्या मला दिसल्या.

शुक्रवारी सकाळी मशीनवर गोधडी टाकली, म्हणजे रंग दिसायला नको. मामा घमेल्यावर. "आता काय न्हाई दिसत गं आई! झाकलंय! गोधडी टाकलीया!" दूध आणखी कमी. मामा म्हणाले, वास येतोय तिला ग्रीसचा. मग मी मशीन उचलून लिंबापलीकडं नेऊन ठेवलं. तेवढ्या कसरतीत ते खरंच उचलता येतं एवढी एक गोष्ट सिद्ध झाली. संध्याकाळी मामांनी म्हशीच्या कपाळाला अंगारा लावला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तिची समजूत घातली. ती समजूत केडगावच्या वेशीपर्यंत सगळ्यांना पटली, म्हशीला सोडून. दूध इतकं कमी, की बायकोनं दोन घरचा रतीब त्या दिवशी चुकवला. बोळात उभं राहून तिनं त्या बायांना सांगितलं, "आमच्यात जरा मशीन आलंय." त्या बाया माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की जणू मी त्यांच्या लेकरांच्या तोंडचं दूध काढून लाकडाला पाजलंय.

मशीन अजून एकदासुद्धा चालू झालेलं नव्हतं. गुरुवारी लाईट नव्हती, आणि त्यानंतर मामांनी चालू करू दिलं नव्हतं. नुसतं असून एवढं, तर चालू झाल्यावर म्हैस दावं तोडून जामखेडलाच जाईल, असं त्यांचं मत.

शनिवारी काष्टीचा बाजार. तो मामांनी आजवर चुकवलेला नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा बाजार बघून काढली होती. पहाटे निघताना त्यांनी ओट्यावर उभं राहून निकाल दिला. निकाल वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता, म्हणजे फक्त आमच्या गल्लीपुरता.

"माझ्या हातानं आजवर माघारी गेलं न्हाई. ह्ये पयलंच. पर रिवाज म्हंजे रिवाज. सांजंला टेम्पो घेऊन येतो. माझ्या हातानं घेतलं, माझ्याच हातानं परत करतो."

ते गेले. मी दिवसभर आवराआवर करत होतो. फळ्या एका बाजूला, अर्धे देव्हारे एका बाजूला. एका पाळण्याचे तीनच पाय झाले होते, तो भिंतीला टेकवून ठेवला. सकाळच्या धारेला किती दूध निघालं ते मी विचारलंही नाही. बायकोनं रतीब घालून आल्यावर रिकामा कॅन वाजवत धुतला. सगळ्या घरी दूध गेलं होतं म्हणे. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी मनातल्या मनात एमआयडीसीच्या गेटवर उभा होतो.

पाचला बायकोनं म्हैस आत बांधली आणि चरवी घेऊन बसली.

"ते मशीन आणा जरा. लावा."

"कशाला? टेम्पो येईल एवढ्यात."

"लावा म्हनते ना."

मी लिंबापलीकडून मशीन आणलं, पाय उघडले, प्लग लावला. पट्टी घट्ट करून दोन्ही टोकांना मोजलं. एका अंगाला उभा राहिलो आणि बटण दाबलं.

दुकानदार खरा माणूस निघाला. आवाज कसला, शेडचे पत्रे नाचायला लागले, लिंबावरचे कावळे उठून थेट चांदबीबी महालाकडं गेले, आणि शेजारच्या घरात कुकरनं शिटी न देताच वाफ सोडली. मी डोळे मिटून फळी पुढं सारली. ती लोण्यातून गेल्यासारखी गेली. दोन तुकडे झाले. मी उचलून डोळ्यापाशी धरून कड बघितली. सरळ. आयुष्यात माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी सरळ झालं होतं. मला इतका आनंद झाला, की म्हैस आहे हे विसरून मी दुसरी फळी लावली, तिसरी लावली.

मग आठवण झाली आणि पत्र्यावरून वाकून बघितलं.

म्हैस रवंथ करत होती. डोळे अर्धवट मिटलेले, कान सैल. बायकोचे दोन्ही हात चालले होते आणि धारा चरवीत अशा पडत होत्या, की फेस काठावर आला, काठ ओलांडून तिच्या बोटांवर आला. मशीनच्या आवाजात धारेचा आवाज ऐकूच येत नव्हता, नुसती दिसत होती. बायकोनं चरवी कळशीत रिकामी केली आणि परत खाली लावली. मी हात जोडले. म्हशीला, बायकोला का हिरव्या मशीनला, ते मलाही कळलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला.

"भाच्याऽऽ! टेम्पो आनलाय रंऽऽ!"

मशीन चालू होतं. पत्रे वाजत होते. त्या सगळ्याच्या वरून तो आवाज आला. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हशीनं रवंथ थांबवला. कान मागं गेले. एक पाय उचलून तिनं परत ठेवला. आणि बायकोच्या हातातली धार, नळ बंद करावा तशी, तुटली. बायको हात तसेच धरून बसून राहिली. तिनं चरवीत बघितलं. फिरणाऱ्या पात्याकडं बघितलं. मग फाटकाकडं.

मी मशीन बंद केलं.

मामा आत आले. खांद्यावर टॉवेल, अंगावर बाजाराची धूळ, मागं टेम्पोवाला फळका पाडून उभा. मामांचा चेहरा मुलीची पाठवणी करायला आल्यासारखा झाला होता.

"आयकलं मी, चालू हुतं. बघितलं ना, कसं वरडतं त्ये?" असं म्हणत त्यांनी टॉवेलानं डोळे पुसले. "लई जीव लागला हुता माझा त्याच्यावर. पर जाऊ द्या. सुनबाई, सांग बाई, काय काय भरायचं टेम्पोत?"

बायकोनं चरवी उचलून उंबऱ्यावर ठेवली, पदराला हात पुसले, आणि म्हणाली,

"मशीन ऱ्हाऊ द्या, मामा. च्या घ्या, आन् टेम्पोत तुमी बसा."